दोन थापा

दुचाकीच्या मागच्या बैठकीवरून समोरचा रस्ता दिसत नाही. दिसते ती चालवणाऱ्याची पाठ, त्याची मान, आणि दोन्ही बाजूंनी मागे मागे पळणारे जग. 1991 साली लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा यांच्याकडे बजाजची चेतक स्कूटर होती. त्या स्कूटरवर एका अंगावर बसून, डाव्या हाताने पदर आणि उजव्या हाताने यांचा खांदा धरून मी वसईचे सगळे रस्ते पाहिले. पाहिले म्हणजे अर्धे पाहिले. माझ्या वाट्याला डावी बाजू यायची. उजवीकडच्या घरांत कोण राहते हे मला कितीतरी वर्षे ठाऊक नव्हते.

स्कूटरच्या आवाजात बोललेले ऐकू येत नसे. म्हणून लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात, माझा पदर चाकात जाता जाता वाचला त्या दिवशी, यांनी एक भाषा ठरवून टाकली. पाठीवर एक थाप म्हणजे हळू. दोन थापा म्हणजे थांबा. तीन थापा म्हणजे मी नीट बसले आहे, चला. पुढे स्कूटर गेली, एक मोटारसायकल आली, तीही गेली आणि बुलेट आली. साडी जाऊन सलवार-कमीज आला आणि मी दोन्हीकडे पाय टाकून बसू लागले, त्यामुळे उजवी बाजूही दिसू लागली. भाषा मात्र तीच राहिली.

मी जे सांगणार आहे ते या भाषेविषयी आहे. वेलंकणीचे प्रवासवर्णन वाचण्याच्या अपेक्षेने कोणी बसले असेल तर त्यांनी आधीच क्षमा करावी.

2023 च्या सप्टेंबर महिन्यात आमच्या धर्मग्रामातील पाच जोडपी आणि तीन एकटे पुरुष मोटारसायकलींवरून वेलंकणीला गेले. त्या तीन एकट्यांत आमचे तरुण साहाय्यक धर्मगुरूही होते. सामान आणि औषधे घेऊन एक जीप मागून येत होती. आठ गाड्यांचा हा ताफा निघणार हे कळल्यावर गावात व्हायची ती चर्चा झाली. जाऊबाई म्हणाल्या, "या वयात पाठीचा मणका जाग्यावर राहणार आहे का?" सासूबाई हयात असत्या तर त्यांनी वेगळेच विचारले असते. त्या आपल्या काळात आगगाडीने, स्टोव्ह आणि सुके बोंबील बांधून वेलंकणीला गेल्या होत्या, आणि बोंबलांचा वास डब्यातल्या कोणालाच आवडला नाही ही हकिगत त्या नवसापेक्षा अधिक रंगवून सांगत.

सुमारे दीड हजार किलोमीटरचा हा रस्ता आम्ही पाच दिवसांत कापला. द्रुतगती मार्गावर दुचाकीला मज्जाव असल्यामुळे खोपोलीवरून जुन्या घाटाने पुणे, पुढे कोल्हापूर, हुबळी, बंगळूर, सेलम, तंजावर. त्या पाच दिवसांचे वर्णन मी करीत नाही. मागे बसणारीने ते केले तर ते एका पाठीचे वर्णन होईल. एवढे मात्र सांगते की समूहाने गाडी चालवणे ही एक शिस्त आहे आणि ती आपल्या मिरवणुकीच्या शिस्तीपेक्षा कडक असते. सर्वांत पुढे एक वाट दाखवणारा, सर्वांत शेवटी एक अनुभवी, ज्याला सगळे 'शेपूट' म्हणत. मधल्या गाड्यांनी एकामागे एक न राहता नागमोडी ओळ धरायची, म्हणजे पुढच्याने अचानक थांबवले तरी मागच्याला जागा राहते. खड्डा दिसला की पुढचा पायाने खूण करी आणि ती खूण आठही गाड्यांतून मागे सरकत जाई. शेपटाला मागे टाकून कोणी थांबायचे नाही आणि वाटाड्याच्या पुढे कोणी जायचे नाही. शेवटचा नियम असा होता की रस्त्यात मध्येच, मनाला येईल तिथे, थांबायचे नाही. हा नियम लक्षात असू द्यावा.

8 सप्टेंबरचा पवित्र मारियेच्या जन्माचा सण वेलंकणीला साजरा झाला. भगवी वस्त्रे नेसून अनवाणी चालत आलेल्या यात्रेकरूंच्या पायांकडे पाहून आमच्या पाठीच्या तक्रारी आपोआप बंद झाल्या. रविवारी मिस्सा ऐकून आम्ही मदुराईला मुक्कामी आलो, आणि सोमवारी, 11 तारखेला, सकाळी सहा वाजता दक्षिणेकडे निघालो.

कन्याकुमारीला जायचे हे आधीपासून ठरलेले होते. पण वाट थोडी वाकडी करून काट्टाडीमलैला जाऊ या, असा फादरांचा आग्रह होता. ज्यांना हे नाव नवे असेल त्यांच्यासाठी सांगायला हवे. संत देवसहायम यांना 14 जानेवारी 1752 रोजी याच डोंगरावर गोळ्या घालण्यात आल्या. 15 मे 2022 रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले. आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया 1862 सालीच संत झाले, पण ते फ्रान्सिस्कन बंधू होते, आणि त्यांचे रक्त सांडले ते दूर नागासाकीला, 1597 साली. देवसहायम हे आपल्या देशातले संतपद लाभलेले पहिले प्रापंचिक. बायको असलेला, नोकरी असलेला, घरदार असलेला माणूस. फादरांनी हे आदल्या रात्री जेवताना सांगितले तेव्हा पाचही बायकांनी एकदम विचारले, "मग त्यांच्या बायकोचं काय झालं?" फादर म्हणाले, "उद्या सांगतो." त्यांना बहुधा ते रात्री वाचून काढायचे असावे.

तिरुनेलवेलीपर्यंतचे सुमारे दीडशे किलोमीटर सकाळच्या गारव्यात सहज गेले. इडली खाऊन पुन्हा निघालो तेव्हा नऊ वाजून गेले होते. नांगुनेरी जवळ येऊ लागले तसा प्रदेश उघडा होत गेला. तांबडी जमीन, विरळ झुडपे, ताडांच्या रांगा. ताड आमच्याही किनाऱ्यावर आहेत, पण ते असे एकाच दिशेला झावळ्या फेकून उभे राहिलेले मी कधी पाहिले नव्हते. मग क्षितिजावर पवनचक्क्या दिसू लागल्या. आधी चार-पाच, मग मोजता येणार नाहीत इतक्या.

वाऱ्याचे आम्हाला काय कौतुक! आम्ही समुद्राकाठची माणसे. दुपारचा खारा वारा आणि पहाटेचा मतलई वारा अंगावर घेतच वाढलो. पण तो वारा येतो आणि जातो. हा वारा तिथे राहत होता. त्याचे कारण फादरांनी चहाच्या वेळी सांगितले होते. सह्याद्रीची रांग दक्षिणेकडे जाता जाता जिथे संपत येते, तिथे आरलवायमोळीची खिंड आहे. नैर्ऋत्य मोसमी वारा पलीकडच्या समुद्रावरून येतो, डोंगराला अडतो आणि मग त्या एवढ्याशा फटीतून सगळाच्या सगळा घुसतो. अरुंद बोळात शिरलेल्या मिरवणुकीसारखी त्याची गत होते. मे ते सप्टेंबर असा तो वाहतो, म्हणूनच मुप्पंदलच्या परिसरात देशातले एक सर्वांत मोठे पवनऊर्जेचे क्षेत्र उभे राहिले. फादरांनी पुढे असेही सांगितले की हिब्रू भाषेत वारा, श्वास आणि आत्मा या तिन्हींना 'रुआह' हा एकच शब्द आहे. त्यावर हे म्हणाले, "मग फादर, आज पवित्र आत्मा जरा बेतानं यावा, एवढी प्रार्थना करा." सगळे हसले. मीही हसले.

बाजूने येणारा वारा मोटारसायकलला काय करतो हे ज्याने अनुभवले नाही त्याला सांगणे कठीण आहे. आम्ही दक्षिणेला चाललो होतो आणि वारा पश्चिमेकडून, म्हणजे उजवीकडून येत होता. तो गाडीला डावीकडे ढकलतो, म्हणून चालवणारा गाडी उजवीकडे कलती ठेवतो. गाडी सरळ रेषेत जाते, पण तिरकी होऊन. मागे बसलेल्या माणसाने अशा वेळी चालवणाऱ्याला चिकटून, त्याच्याबरोबरच कलून बसायचे असते. भीतीने ताठ होऊन उलट बाजूला झुकले की तोल बिघडतो. मला हे सगळे शिकवलेले होते. ओढणी जॅकेटच्या आत खोचलेली होती, सामानावरचे प्लास्टिक दोरीने आवळलेले होते. वाटाड्याने हात वर करून गाड्यांमधले अंतर वाढवायची खूण केली होती. कुठेही कसलीच हयगय नव्हती.

आणि तरीही ते घडलेच. उजवीकडून एक भला मोठा कंटेनर आम्हाला ओलांडून पुढे जाऊ लागला. तो बरोबरीला आला त्या क्षणी वारा बंद झाला. नुसता कमी झाला नाही, भिंत घातल्यासारखा बंद झाला. वाऱ्याच्या आधारावर उजवीकडे कललेली आमची गाडी, तो आधारच नाहीसा झाल्यावर, कंटेनरच्या चाकांच्या दिशेने झुकली. ती चाके माझ्या गुडघ्यापासून किती लांब होती ते मी सांगणार नाही. सांगितले तर अतिशयोक्ती वाटेल, आणि कदाचित ती अतिशयोक्तीच असेल. यांनी गाडी सावरली. कंटेनर पुढे निघून गेला आणि अडून राहिलेला वारा एकदम अंगावर आला. आम्ही रस्त्याच्या डाव्या कडेला, खडीच्या पट्ट्यापर्यंत फेकलो गेलो. गाडी पुन्हा सावरली.

मी यांच्या पाठीवर दोन थापा दिल्या.

हे थांबले नाहीत. मला वाटले, जॅकेटमुळे कळले नसेल. मी पुन्हा दोन थापा दिल्या, जोरात. खांदा किंचित हलला. म्हणजे कळले होते. गाडी चालतच राहिली. तिसऱ्यांदा मी थापा दिल्या नाहीत, मुठीने मारले. बत्तीस वर्षांत मी यांच्यावर हात उगारला तो तेवढाच.

पुढे दोन-अडीच किलोमीटरवर एक पेट्रोल पंप आला. वाटाड्याने हात वर केला आणि आम्ही सगळे आत वळलो. उतरले तेव्हा माझे पाय लटपटत होते. मी हेल्मेट काढले. यांनीही काढले. मी म्हटले, "मी दोन थापा दिल्या होत्या."

"कळल्या," हे म्हणाले.

"मग?"

"मोकळ्या रस्त्यात थांबणं जास्त धोक्याचं. उभी गाडी वारा पाडतो, आणि मागून ट्रक येत असतात."

हे बरोबर होते. ते किती बरोबर होते हे त्याच क्षणी सिद्धही झाले. आमच्यापैकी एकाने पंपावर गाडी उलट्या तोंडाने लावली होती. कडेचा टेकू डाव्या अंगाला असतो, वारा त्याच बाजूने येत होता, आणि ती दोनशे किलोची गाडी आमच्या डोळ्यांदेखत सावकाश आडवी झाली. सगळे तिच्याकडे धावले. आम्ही दोघेच मागे उभे राहिलो.

आणि मी म्हटले, "त्याही दिवशी कळल्या होत्या का?"

कोणत्या दिवशी, हे यांनी विचारले नाही.

आमची वाडी चौदा गुंठ्यांची होती. विहीर, विहिरीला लागून एक लहानसे बावखल, केळी, आळू, थोडी पानवेल. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी तिथे सोनचाफ्याची अकरा कलमे लावली. शाळेत नोकरी लागल्यानंतरही पहाटे साडेपाचला मी तिथे असे. चाफ्याची फुले उन्हाच्या आधी उतरवावी लागतात. फुलांच्या पैशांतून मी मुलांचे गणवेश घेतले, एकदा शिवणयंत्र घेतले. पण पैशांचे सोडा. त्या पहाटेच्या तासाभरात मला कोणी हाक मारीत नसे. घरात ज्या बाईला दिवसाकाठी शंभर हाका येतात तिलाच त्याची किंमत कळेल.

2018 साली ती वाडी आम्ही विकली. मुलाला उच्च शिक्षणासाठी कॅनडाला पाठवायचे होते आणि कर्जाचा बोजा यांना नको होता. फसवणूक झाली नाही, जबरदस्ती झाली नाही, भावही बरा मिळाला. आजूबाजूच्या वाड्या आधीच गेल्या होत्या; चहूकडून चार मजली इमारती आणि मध्ये आमचा चाफा, अशी स्थिती होती. खरेदीखतावर माझेही नाव होते. 'संमती देणार' म्हणून. हा सरकारी शब्द आहे आणि तो मला फार आवडला नाही. पण मी सही केली. कोणालाही एका शब्दाने नाही म्हटले नाही, हे मला इथे लिहायलाच हवे.

नोंदणीच्या दिवशी सकाळी आम्ही बुलेटवरून निघालो. रस्ता वाडीवरूनच जातो. कुंपणाजवळ आलो तेव्हा मी यांच्या पाठीवर दोन थापा दिल्या. मला काय करायचे होते? काही नाही. आत जाऊन एकदा उभे राहायचे होते. हे थांबले नाहीत. घड्याळाकडे पाहिल्यासारखे केले आणि गाडी पुढे गेली. मागच्या बैठकीवर बसलेल्याला वळून पाहता येते, हा एक फायदा. मी वळून पाहिले. परत येताना आम्ही दुसऱ्या रस्त्याने आलो.

त्यानंतर पाच वर्षे आम्ही यावर बोललो नाही. भांडणही झाले नाही. मुलगा शिकला, नोकरीला लागला, दर रविवारी पडद्यावर दिसू लागला. संसार व्यवस्थित चालला होता. फक्त मी थापा देणे बंद केले होते. थांबायचे असले तर सिग्नल येईपर्यंत वाट पाहायची आणि तोंडाने सांगायचे. हे यांच्या लक्षात आले होते की नाही मला माहीत नाही.

पंपावर यांनी उत्तर दिले नाही. हेल्मेटची काच पुसत राहिले. ती काच स्वच्छ होती. जीप आली तेव्हा दोन बायका सरळ जाऊन तीत बसल्या आणि मलाही हाक आली. मी गेले नाही. रागावलेल्या माणसाने जीपमध्ये आरामात बसणे मला त्या वेळी पटले नाही. आणि खरे सांगायचे तर, यांना एकट्याला त्या वाऱ्यात सोडायलाही मन घेईना. मी बसले. तीन थापा दिल्या नाहीत. हे थोडा वेळ थांबले, मग निघाले.

वडक्कनकुलम हे मुख्य रस्त्यापासून थोडे आत असलेले गाव. नीलकंठ पिळ्ळै नावाच्या त्रावणकोरच्या राजसेवकाचा बाप्तिस्मा इथेच, 14 मे 1745 रोजी, येशूसंघीय फादर बुत्तारी यांच्या हस्ते झाला आणि ते देवसहायम झाले. हे नाव म्हणजे लाजरस या नावाचेच तमिळ रूप: देवाचे साहाय्य. त्यांना ख्रिस्ताची ओळख झाली ती दे लनॉय या डच सेनानीकडून. 1741 साली कोळचेलच्या लढाईत राजा मार्तंड वर्मा यांनी या दे लनॉयला पकडले आणि पुढे त्यालाच आपले सैन्य घडवण्याच्या कामाला लावले. नीलकंठ त्या वेळी संकटांनी खचले होते, म्हणून दे लनॉयने त्यांना ईयोबाची कथा सांगितली. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाला अखेर परमेश्वर उत्तर देतो ते वावटळीतून. जिथे बाराही महिने झाडे वाकलेली असतात त्या मुलखात ही कथा कशी ऐकली गेली असेल, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

त्या मंदिराची आणखी एक गोष्ट फादरांनी दडवली नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या या मंदिराला एका वेदीकडे जाणारी दोन दालने होती, वरच्या जातींचे एक आणि खालच्यांचे दुसरे. विसाव्या शतकाच्या आरंभी धर्मगुरूंनीच तो आडपडदा काढला. जातीची तमा न बाळगता सर्वांत मिसळला हाही ज्या माणसाचा एक गुन्हा ठरला, त्याच्याच बाप्तिस्म्याच्या गावी ही भिंत उभी राहावी! असो. भिंती आपल्याकडेही कमी नाहीत.

मग फादरांनी बायकोची हकिगत सांगितली. तिचे नाव भार्गवी. नवऱ्यामागोमाग तिचाही बाप्तिस्मा झाला, नाव ठेवले तेरेसा. तमिळमध्ये ज्ञानपू, म्हणजे ज्ञानाचे फूल. 1749 साली देवसहायमना अटक झाली. तीन वर्षे त्यांचे हाल झाले. त्यांना म्हशीच्या पाठीवर उलट्या तोंडाने बसवून गावोगाव फिरवले. नवरा मारला गेल्यावर ज्ञानपू आपल्या माणसांत परत गेली नाही. ती वडक्कनकुलमलाच राहिली आणि तिथेच वारली.

म्हशीवर उलट बसवलेला माणूस. त्यालाही समोरचा रस्ता दिसत नव्हता. मागे राहणारी गावे तेवढी दिसत होती. मी यांच्याकडे पाहिले. हे मंदिराच्या खांबाला टेकून जमिनीकडे पाहत होते.

वडक्कनकुलमहून निघून कावलकिणरूला वळलो, तसा रस्ता पश्चिमेला लागला आणि वारा समोरून आला. समोरचा वारा बाजूच्या वाऱ्याइतका दगलबाज नसतो. तो सरळ सरळ अडवतो. बुलेट दोन गिअर खाली आणून चालवावी लागत होती आणि तरी ती धापा टाकीत होती. दोन्ही बाजूंना पवनचक्क्यांची पाती फिरत होती. एरवी यांच्या पाठीआड मला वारा लागत नाही. त्या दिवशी मी मान जराशी बाजूला काढून पाहिली आणि श्वास घेता येईना. पूर्ण रस्ताभर हे तो वारा छातीवर घेत होते. हे मला ठाऊक नव्हते अशातला भाग नाही. पण ठाऊक असणे वेगळे.

काट्टाडीमलै या नावाचा अर्थच वारा वाहणारा डोंगर. खडकाळ चढण आहे, वर क्रूस आहे, प्रार्थनास्थळ आहे. जवळच एक मोठा खडक आहे. देवसहायमना गोळ्या लागल्या तेव्हा तो कोसळला, असे लोक सांगतात. त्याच्यावर लहान धोंड्याने ठोकले की घंटेसारखा नाद निघतो. आमच्यातल्या प्रत्येकाने तो ठोकून पाहिला. भक्तीने ठोकला की कुतूहलाने, ते देवाला माहीत.

फादर रोझरी सांगू लागले, पण अर्धे शब्द वारा घेऊन जात होता. मी थोडी बाजूला एका दगडाच्या आडोशाला बसले. हे आले आणि शेजारी बसले. त्या वाऱ्यात बोलायचे तर कानाशी तोंड नेऊन बोलावे लागत होते, त्यामुळे एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते. कदाचित म्हणूनच यांना बोलता आले.

"त्या दिवशीही कळल्या होत्या," हे म्हणाले.

मी गप्प राहिले.

"थांबलो असतो तर पुढे गेलोच नसतो. तू नव्हे. मी."

थोड्या वेळाने पुन्हा कानाशी तोंड आणून म्हणाले, "बाबांनी ती विहीर खणली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. माती वर काढायला मीही होतो."

हे मला माहीत होते. विहिरीची गोष्ट सासूबाईंनी अनेकदा सांगितली होती. पण मला त्या वाडीत फक्त माझे अकरा चाफे दिसत राहिले. विहीर कोणाची, हे मी पाच वर्षांत मनात आणले नव्हते. मी यांना म्हटले, "मग सांगायचं होतंत."

"तू सही केलीस ना निमूट," हे म्हणाले. "मला वाटलं, तुला चालतंय."

यावर मी काय बोलणार? नवऱ्याने विचारले नाही ही माझी तक्रार, आणि बायको बोलली नाही ही यांची. दोन्ही खऱ्या. वाडी काही त्याने परत येत नाही. आता तिथे चार मजल्यांची इमारत आहे आणि बावखल बुजवल्यामुळे पावसाळ्यात तिच्या तळमजल्यात पाणी भरते. हे मी थोड्या समाधानाने लिहिते आहे, हे कुमसारात सांगावे लागेल.

रोझरी संपली. खाली उतरताना एके ठिकाणी वाऱ्याने माझा तोल गेला. यांनी हात धरला आणि खाली येईपर्यंत सोडला नाही. आमच्या वयाच्या लोकांना चारचौघांत असे चालण्याची सवय नसते. पुढे चाललेल्या बायकांनी मागे वळून पाहिले आणि काही बोलल्या नाहीत, म्हणजे संध्याकाळी बोलणार हे मी ओळखले.

आरलवायमोळीची खिंड ओलांडली आणि मुलूख पालटला. डोंगराच्या अलीकडे तांबडी माती आणि काटेरी झुडपे. पलीकडे भातशेते, पाण्याने भरलेली तळी आणि केळीच्या बागा. डोंगर आड आल्यामुळे वाराही हळूहळू ओसरला. इतका वेळ कानांत भरून राहिलेला घोंगावा कमी झाला आणि इंजिनाचा नेहमीचा आवाज ऐकू येऊ लागला. नागरकोईल काही मैलांवर होते. तिथे कोट्टारच्या कॅथेड्रलमध्ये देवसहायमच्या कबरीचे दर्शन घ्यायचे आणि मग मुक्काम, असे ठरले होते.

रस्त्याच्या कडेला एक केळीची बाग आली. बागेच्या तोंडाशी ताडाच्या झावळ्यांनी शाकारलेले एक लहानसे दुकान होते आणि त्याच्यापुढे केळीचे घड टांगलेले होते. आखूड, बारीक, टोकाला निमुळती केळी. तिकडे त्यांना मट्टी म्हणतात. मागे बागेत एक म्हातारा पाटाचे पाणी वळवीत होता.

मी यांच्या पाठीवर दोन थापा दिल्या.

हे लगेच थांबले. मागच्या सगळ्या गाड्यांना कडेला यावे लागले. शेपूट आले, त्याने हेल्मेटची काच वर केली आणि त्रासून विचारले, "काय झालं? पंक्चर?"

"काही नाही," यांनी त्याला सांगितले आणि गाडीवरून उतरून दुकानाकडे चालू लागले. घडाजवळ जाऊन, नाक लावून, आपल्या वाडीतली राजेळी पारखावी तशी केळी पारखू लागले. मग मागे वळून मला विचारले, "किती घेऊ?"